दर दहांत सात, म्हणजे कोणत्या दहांत?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रथसप्तमी

चि. उदयसिंह यास,

आक्काचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, सौ. पूर्णिमाचा खोकला गेला का, म्हैस व्याली का, हे सगळं विचारलं असं समज. आधी हे पत्र का लिहावं लागलं ते सांगते. गेल्या महिन्यात तुझ्या राजवीरनं पुण्याहून घरच्या ग्रुपवर ‘साठीपुढच्या दर दहा बायकांत सात जणी ऑनलाइन फसतात’ असा आकडा टाकला. त्याखाली तू ‘आक्काचा फोन काढून घ्या’ असं लिहिलंस. मी उत्तर देणार इतक्यात ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं, अशी सोय झाली. अ‍ॅडमिन राजवीर. तिसऱ्या दिवशी कुरिअरनं बटणांचा फोन आला. म्हणून कागद.

मी सत्त्याहत्तर साली संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले (वर्गात आम्ही दोघीच मुली, दुसरी, रुद्राणी, शेवटच्या वर्षाआधी लग्न होऊन गोकाकला गेली). आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की आकडा समोर आला की तो कुणाला विचारून काढला, हे आधी विचारायचं. राजवीरला विचारलं. तो म्हणाला, “आत्ती, फॉरवर्ड आहे.” ज्या मुलाला मी त्रैराशिक शिकवलं त्याचं हे उत्तर.

मग मीच मोजायचं ठरवलं. पण गल्लीत दारोदार जाऊन “तुमच्यात कोण फसलंय का” विचारलं, तर उंबऱ्यात नवरा उभा असतो आणि उत्तर येतं, “कोण न्हाय.” नवरे जिथं येत नाहीत अशी एकच जागा मला ठाऊक आहे. मी हळदीकुंकू ठेवलं. (मी विधवा असून ठेवलं आणि गल्लीतल्या सगळ्या विधवांनाही बोलावलं. त्यावर तुला काही म्हणायचं असेल तर वेगळं पत्र लिही.) वाण म्हणून बॉलपेन दिलं, सोबत बिननावाचा फॉर्म दिला, आणि तो भरून डब्यात टाकल्याशिवाय कुणाला तिळगूळ दिला नाही. तुझी सून, राजवीरची क्रांती, पुण्याहून तुमच्याकडे नेसरीला येताना वाटेत माझ्याकडे उतरली होती. तिनंही भरला.

फॉर्म बिननावाचे असले तरी बायका गप्प बसल्या नाहीत. शेजारच्या तालमीतले पिराजी तुला माहीत आहेत, मिशीवाले. त्यांना फोनवर कुणी तरी ‘वस्ताद’ म्हणालं, आणि त्यांनी खूश होऊन ओटीपीचे सहाच्या सहा आकडे सांगितले. हे त्यांच्या तानाबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं, म्हणून मी लिहिते. ती म्हणाली, “घरात मी जेवलासा का म्हणून इचारलं तर तोंड उघडत न्हाईत. आणि त्या पावण्याला सहा आकडे सांगितलं, वर चहाला ये म्हणालं की.” हसून हसून चिमणाबाईची कवळी निघाली.

आता आकडे. अडतीस घरं. फसलेली घरं चौदा. त्यांत फसलेले पुरुष अकरा, आणि त्या अकरांतले नऊ पंचेचाळिशीच्या आतले, शिकलेले, दिवसाचे चार तास फोनमध्ये मान घालून बसणारे. साठीपुढच्या बायका बारा, फसलेली एक. शेवटचा प्रश्न होता, पोलिसांत कळवलं का. चौदांतल्या तीन घरांनी कळवलं, आणि तिन्ही ठिकाणी फसलेली बाई होती. नीट वाच. बाई फसली की घरदार ओरडतं, तिला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेतं, तिची नोंद होते. पुरुष फसला की नवं सिमकार्ड घेतो. मग कागदावर फसणाऱ्या बायकाच दिसणार. तुझ्या मुलाचा आकडा फसणाऱ्यांचा नाही, सांगणाऱ्यांचा आहे.

जाताना तानाबाईनं विचारलं, “आक्का, तुमचा फॉर्म कुठं हाय?” मी सांगितलं, मोजणाऱ्याचा फॉर्म नसतो.

फोन मी देणार नाही. बिल भरणं आणि एसटीच्या वेळा राहू दे. त्या फोनवर मला रुद्राणी शेहेचाळीस वर्षांनी सापडली. दर गुरुवारी दुपारी ती गोकाकहून दिसते, तिला आता ऐकू कमी येतं, आम्ही एकमेकींना ओठ दाखवून बोलतो. बटणांच्या फोनवर ओठ दिसत नाहीत. राजवीरनं सोबतचा आकड्यांचा तक्ता ग्रुपवर टाकावा आणि मला लिहू द्यावं.

तुझी,
आक्का

ता. क. क्रांतीचा फॉर्म मी अक्षरावरून ओळखला, पण त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. नावं फोडायची नाहीत हा नियम आहे. राजवीरला एवढंच कळव की नियम मी अजून पाळते आहे.

ता. क. २. पत्र पुन्हा वाचलं, आणि सत्त्याहत्तर सालच्या शिक्षणाला ते पटेना. घरं एकोणचाळीस, फसलेली पंधरा, साठीपुढच्या बायका तेरांत दोन असं सुधारून घे. दिवाळीत मी फोनवरून ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल’ मागवली. कोल्हापुरात बसून. चप्पल लाइन घरापासून दहा मिनिटांवर. आल्या त्या दोन्ही डाव्या पायाच्या. मी कुणाला सांगितलं नाही (नवं सिमकार्ड मात्र घेतलं नाही). इथल्या दुकानात नेल्या तर संध्याकाळपर्यंत पेठभर होईल. तेव्हा नेसरीत तुझ्या ओळखीच्या माणसाकडून गुपचूप दोन उजव्या करून घे. एक जोड पूर्णिमाला.

क्रांतीच्या हाती दिलं: तक्ता एक. बटणांचा फोन एक, खोका न फोडता. चपला दोन, दोन्ही डाव्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दिलं नाही: माझा फोन.
पोच लिहून पाठव. ग्रुपवर नको.