बोलायचं तर लाटणं धरून

तीर्थरूप काकांस,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र अजून ड्रॉवरमध्येच मुक्कामाला आहे, असं काकूकडून कळलं. (तिच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं.)

गेल्या खेपेला जेवताना सगळे हसले, तुम्हीही हसलात, मग हळूच बाबांना विचारलंत, काय झालं? बाबा म्हणाले, "काही नाही रे, सोड." त्यानंतर तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत. गुडघ्याचं कारण आम्ही मानलंही असतं, पण तुम्ही रोज टेकडी चढता, हेही काकूनेच सांगितलं.

म्हणून मी घरच बदलायला घेतलं. आता दारावरची घंटा वाजली की प्रत्येक खोलीत दिवा लागतो. (मिक्सर चालू असला तरी आई दार उघडते. पूर्वी पोस्टमन परत जायचा आणि बोलणी मला बसायची.) लांब टेबल काढून गोल आणलं, म्हणजे तुम्हाला सगळ्यांचे ओठ दिसतील. शिवाय कोण बोलतंय हे तुम्ही शोधेपर्यंत तो माणूस बोलून मोकळा होतो, म्हणून नियम केला: ज्याच्या हातात लाटणं, त्यानेच बोलायचं. पहिल्या दिवशी ते आईकडे गेलं आणि लवकर परत आलंच नाही. लग्नापासूनची तिची बरीच वाक्यं अर्धवट राहिली होती, ती तिने सावकाश पूर्ण केली. मग धाकट्याने, जो घरात फक्त "हं" म्हणतो, लाटणं मागून घेतलं आणि नोकरीत जीव रमत नाही म्हणून सांगितलं. काका, आमचे सगळ्यांचे कान शाबूत आहेत, तरी हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सोय तुमच्यासाठी केली आणि आधी कामी आली आम्हालाच, याची जरा लाज वाटते.

बाबा मात्र फुगून बसलेत. त्यांच्या मते हा पोरखेळ आहे. लाटणं आलं की न बोलता पुढे सरकवतात.

रविवारी या. तुमची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलीय, म्हणजे उजेड आमच्या तोंडावर पडेल.

तुमची पुतणी

ता. क. येताना यंत्र घेऊन या. ड्रॉवरला ऐकू येऊन उपयोग नाही.

ता. क. बाबांबद्दल वर लिहिलेलं खोडलंय असं समजा. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात ते न्हाणीघरातून बाहेर आले. मिशी साफ. कॉलेजपासूनची, ओठ झाकणारी ती मिशी. मी त्यांना काही सुचवलं नव्हतं. त्या दिवशी सगळे कशाला हसले, ते त्यांना स्वतः तुम्हाला सांगायचंय. आरशासमोर लाटणं धरून सराव चाललाय. ऐकून ऐकून मला तो किस्सा पाठ झालाय. फारसा चांगला नाही. तरी या.