करड्या कोटाची आणि उरलेल्या मिळकतीची व्यवस्था

मी, ओमप्रकाश नीळकंठ गिरडकर, वय ७१, निवृत्त भूमापक, राहणार मानेवाडा, नागपूर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी देवकीचे मत वेगळे आहे. पण लिहिणारा मी आहे, आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी देवकीला. माझ्या तीन मऊ झालेल्या पँटी भांडेवालीला देऊन तिने घेतलेली स्टीलची बादलीही तिचीच. मी माफ केले आहे, असे तिला वाटू द्यावे.

२. बुटांचा ब्रश आणि दोनदा तळ बदललेले तपकिरी बूट मेहुणे दुर्गेश यांना. त्यांनी १९९८ साली या बुटांना ‘म्हातारे’ म्हटले होते. त्यानंतर त्यांचे स्वतःचे नऊ जोड झिजले. मी मोजत होतो, हा माझा हलकटपणा मान्य.

३. करडा लोकरी कोट. जरीपटक्याच्या नत्थूजी टेलरने माझ्या लग्नासाठी शिवला. पहिली दहा वर्षे तो मला टोचत होता. मग कोपरे झिजली, चामड्याची ठिगळे लागली, खिसे सैल पडले आणि तो माझा झाला. नागपुरात कोटाची थंडी वर्षाला जेमतेम वीस दिवस. ते वीस दिवस मी स्वतःला खानदानी साहेब समजत असे.

ही ऐट तीन वर्षांपूर्वी काटोलला उतरली. मुलगा आयुष याने आपल्या साखरपुड्यासाठी मला निळा सूट शिवला होता. त्यात हात वर होईना, म्हणून मी गाडीत बसून सुटाचा कोट काढला आणि हा करडा चढवला. मंगल कार्यालयात शिरताच पंगतीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काहून गा, पाणी काहून नाही आलं अजून?" मी वाढपी नाही, हे सांगायची लाज वाटली. पाण्याचा जग उचलला. दोन रांगा झाल्यावर आयुषने पाहिले.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"पाणी वाढून राहिलो."

ते गृहस्थ नवरीचे आजोबा, नानाजी निघाले. आयुष चार महिने माझ्याशी कामापुरते बोलला. नानाजी मात्र आठव्या दिवशी संत्र्यांची पेटी घेऊन एसटीने माफी मागायला आले. त्यांच्या जाकिटाची कॉलर उसवलेली होती. म्हणाले, "व्याहीबुवा, घरचे मलेबी नवंच घालाले लावते."

मागच्या जानेवारीत मी तापाने पडलो होतो. आयुष दूध आणायला माझा कोट अंगावर टाकून गेला आणि मिहानच्या ऑफिसलाही तोच घालून गेला. संध्याकाळी म्हणाला, "बाबा, याच्या खिशात हात लय गरम राहते." मी भिंतीकडे तोंड केले. डोळे तापाने भरले होते, असे समजावे.

कोट आयुषला. पुढची ठिगळे सून मयुराने नव्हे, त्याने स्वतः लावावीत. निळा सूट ज्याला बसेल त्याला. मला बसला नाही यात दोष सुटाचा नसून पोटाचा आहे.

४. अंत्यविधीला कोरे कापड लागते, हे मी जाणतो. ते आधी दोनदा धुऊन घ्यावे.

चष्मा लावून, वाचून सही केली.
ओमप्रकाश नी. गिरडकर

आम्हां दोघांसमोर सही झाली:
१. केशव दमाहे, शेजारी
२. यमुताई बोंदरे, शेजारीण

नागपूर, दि. ११ डिसेंबर २०२५