हरलो की जिंकलो, सर?

प्रिय खारूताई,

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला धावत्या माणसाच्या बाहीला धरून बोलल्यासारखं वाटतं, म्हणून सरळ लिहायला बसलोय. आमच्याकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिची जीभ ठणठणीत आहे. प्राचार्यांनी यंदा माझ्या गळ्यात एक नवाच विषय मारला. मुलांकडून समाजाच्या उपयोगी पडेल असा आणि स्वतःच्या पायावर उभा राहील असा छोटा उद्योग करून घ्यायचा. जन्मात एक पेन्सिल विकली नाही मी! आई म्हणाली, "म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून हातवारे करायचे, एवढंच ना?" मी म्हटलं, हो, एवढंच.

माझ्या वाट्याला आलेल्या गटात एक मुलगी आहे, तिला सगळे 'प्रश्नचिन्ह' म्हणतात. का ते लगेच कळतं. आणि एक लंबू, जो प्रत्येक गोष्टीवर ॲप काढायला निघतो. मी म्हटलं, आधी कॉलेजमागच्या गल्ल्यांतून हिंडा, लोकांशी गप्पा मारा, मग बोलू. आठवडाभराने प्रश्नचिन्ह विचारते, "सर, इतक्या घरांत दारामागे चादर टाकून काय ठेवलेलं असतं?" व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या! माणूस बरा झाला किंवा गेला, वस्तू तेवढी राहिली. आणि त्याच गल्लीत एक शिंपी आपल्या आईला दोन्ही हातांवर उचलून न्हाणीत नेत होता. झालं, उद्योग सापडला. पडून असलेल्या वस्तू मागायच्या, धुऊन-पुसून दुरुस्त करायच्या आणि थोड्या भाड्याने गरज असेल तिथे द्यायच्या. नाक्यावरचे सायकलवाले काका दुपारी पगारावर दुरुस्ती करायला तयार झाले.

पण पहिल्याच घरी गाडी अडली. शिंप्याची आई म्हणाली, "गेलेल्या माणसाची खुर्ची मला नको. त्यात बसले तर तो मला बोलावून घेईल." मुलं तोंड पाडून परत. तेव्हा प्रश्नचिन्हाच्या डोक्यात आलं, की ज्यांनी खुर्ची दिली त्यांनाच सोबत नेलं तर? त्या बाई निवृत्त परिचारिका. आल्या, म्हातारीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझे यजमान या खुर्चीत बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. खुर्ची दणकट आहे, डावा ब्रेक तेवढा हट्टी आहे, त्यांच्यासारखाच." म्हातारी हसली आणि बसली. तेव्हापासून रिवाजच पडला, देणाऱ्याने स्वतः नेऊन द्यायचं. त्या परिचारिकाबाई अजून त्या घरी चहाला जातात. मला यातलं काहीएक सुचलं नसतं. आपण शिकवतोय की शिकतोय, हेच कळेनासं झालंय, आणि या वयात त्याची मजा वाटते.

मग गेल्या आठवड्यात लंबू धापा टाकत आला. मोठ्या रस्त्यावरच्या रुग्णालयाने हेच सामान फुकट द्यायला सुरुवात केली. नवं कोरं, घरपोच. गल्लीच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं. आमच्याकडे मात्र नवीन कुणी येईना. प्रश्नचिन्ह म्हणाली, "सर, लोकांचं काम झालं, आपला उद्योग बसला. मग आपण हरलो की जिंकलो?" पाठोपाठ तिचा दुसरा प्रश्न, "आणि काकांना कोण सांगणार?" काकांनी आमच्या भरवशावर दुकानामागची खोली झाडून घेतलीय, नवे पाने आणलेत. गटातलं कुणी दिसलं की विचारतात, "आज काय येतंय?" लंबू म्हणाला, मेसेज टाकू. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोन खिशात ठेवला.

मी पुस्तकं चाळली. धंदा सुरू कसा करावा, वाढवावा कसा, यावर धडेच्या धडे. बंद कसा करावा, यावर अवाक्षर नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मुलीने शिवणकामाचा कारखाना काढला होता. चालवला आणि बंदही केला." वर्ग एकदम जागा झाला. प्रश्नचिन्हाने विचारलं, "कामावरच्या बायकांना त्यांनी कसं सांगितलं?" आणि खारूताई, मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक, की तू फोन न करता एकेकीच्या घरी गेलीस. रोज संध्याकाळी यायचीस, न जेवता झोपायचीस. पुढे तू नोकरी धरून त्या दूरच्या गावी गेलीस आणि आपल्या घरात कारखान्याचा विषय एखाद्या दुखण्यासारखा झाला. कुणी चुकून नाव काढलं की आई लगेच हवापाण्याचं बोलायला लागते. न विचारणं म्हणजेच माया, असं आम्ही दोघं धरून चाललो. त्या पोरीने मात्र दोन मिनिटांत विचारून टाकलं, आणि तिच्या आवाजात कीव औषधालाही नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

म्हणून हे पत्र. मुलांनी काकांना सांगायचं रविवारवर ढकललंय आणि त्याआधी त्यांना तू हवी आहेस. व्यासपीठावर हारतुरे घेणारी पाहुणी त्यांना नकोय. अशा पाहुण्या कॉलेजला खूप मिळतात. स्वतःच्या हाताने उभं केलेलं स्वतःच्या हाताने मिटवून, उद्या कामावरच्या बायका रस्त्यात भेटल्या तर एकमेकींकडे बघता येईल अशी निघून आलेली बाई त्यांना हवीय. परवा बाजारात तुझ्या कारखान्यातली ती उंच शिलाईवाली भेटली होती. माझ्या हातातली पिशवी घेत पहिला प्रश्न तिने विचारला, "ताई कधी येणार?" तिने असं विचारावं, असं तू काय केलंस? शनिवारी ये. मी मागच्या बाकावर बसेन, मध्ये बोलणार नाही. जमणार नसेल तर तसं कळव, मी मुलांना समजावीन. पण मला तरी सांग, बाळा. मला खरंच ऐकायचंय. त्या दिवशी पहिल्या बाईने दार उघडलं, तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस?

तुझ्याकडून शिकायला बसलेला,
तुझाच बाबा