लकी कालाबावचा अँबॅसिडर

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
परवा रविवारी चर्चमधला मास सुटल्यावर दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मोबाइलवर लकी कालाबाव हा रेड्यांचा जुगार लावला. एका ओळीत तीन रेडे आले. मग चौथा. मग पाचवा. नाणी पडायला लागली ती थांबेचनात. चार लाख बारा हजार पेसो! आणि हे कोणाला, तर मला: पोलिकार्पियो सागुबान, वय एक्कावन्न, धंदा केशकर्तन, खुर्च्या दोन.
हर्मिनिया चर्चसमोर बुदबुद विकते. तिथे जाऊन तिच्या कानात सांगितलं. तिने भाताची गुंडाळी केळीच्या पानात पूर्ण बांधली, दोरा तोडला आणि मग म्हणाली, आधी छप्पर. बायकोचं हे असं. नवरा आभाळाला हात लावून आला तरी ही पत्र्याचं बोलणार.
संकल्प: एक, छप्पर. दोन, खेळणं कायमचं बंद. जिंकल्यावर उठायचं असतं, एवढी अक्कल मला आहे.

७ मार्च, शुक्रवार
सेबूहून फोन. मिस क्रिस्टेल, लकी कालाबाव कंपनीच्या मार्केटिंगच्या. आवाज गोड. म्हणाल्या की, सर, आम्हाला तुमच्यासारखा साधा, प्रामाणिक चेहरा हवाय. ब्रँड अँबॅसिडर व्हाल का? मी विचार करून सांगतो म्हणालो आणि लगेच हो म्हणालो.
अँबॅसिडर! आमच्या घराण्यात याआधी सर्वात मोठं पद म्हणजे माझे काका, बारांगायचे, म्हणजे आमच्या वस्तीचे, पहारेकरी.
संकल्प दोनमध्ये किरकोळ दुरुस्ती. अँबॅसिडरला मालाची माहिती हवी. तेव्हा खेळणं बंद, सराव चालू.

११ मार्च, मंगळवार
पत्रा बघायला जायचं राहिलं. पाऊस जूनमध्ये, एवढी घाई कशाला?
रक्कम सध्या कंपनीकडेच आहे. आता कंपनी माझीच म्हटल्यावर ती घरात असल्यासारखीच.
जेवण गेलं नाही. गरमी फार.

१५ मार्च, शनिवार
फोटो काढले. शेजारी एक माणूस रेड्याच्या पोशाखात, डोक्यावर मुकुट. दुपारच्या उन्हात तो आतल्या आत घेरी येऊन पडला. त्याला पंख्यासमोर बसवून पाणी दिलं. मी मात्र तीन तास हसत उभा. पद टिकवायचं तर दम लागतो.
हातात पुठ्ठ्याचा चेक दिला होता, दारापेक्षा मोठा. त्यावर एक शून्य जास्त होतं. मिस क्रिस्टेलना दाखवलं. त्या म्हणाल्या, सर, लांबून कोण मोजतंय. खरं आहे. मी जवळ उभा होतो म्हणून मला दिसलं.

२६ मार्च, बुधवार
हायवेच्या वळणावर बोर्ड लागला! माझं तोंड आमच्या घरापेक्षा मोठं. नाव 'पोलिकार्पो सागुबात' असं छापलंय, पण चेहरा शंभर टक्के माझाच. ट्रायसिकलवाले हॉर्न देतात. मासळीवालीने एक बांगडा जास्त टाकला. वाढलंय ते फक्त फुकट कटिंग मागणाऱ्यांचं प्रमाण. लोकांना वाटतं, याला आता काय कमी आहे. त्यांना तसं वाटणं हा माझ्या कामाचाच भाग, म्हणून सहा जणांचे फुकट कापले.
हर्मिनियाला मुद्दाम दाखवायला नेलं. ती खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल. ती म्हणाली, एवढ्या कापडात आपलं अख्खं घर झाकलं असतं. मग विचारलं, पत्र्याचं काय झालं? मी विषय बदलला. तिने बदलू दिला, तेही मला जरा विचित्रच वाटलं.

५ एप्रिल, शनिवार
मानधन गुरुवारी आलं. पैशात नाही, पॉइंट्समध्ये. पॉइंट्स फक्त त्याच ॲपवर चालतात. आधी थोडा खट्टू झालो, मग लक्षात आलं, राजदूताला त्या देशाचंच चलन मिळणार. सरावाला उपयोगी पडले. दोन दिवसांत सराव पूर्ण झाला.
शिवाय माझ्या नावाचा एक कोड आहे. कोणी तो टाकून खातं उघडलं की मला आणखी पॉइंट्स.
आज लुमिंग आला होता. इल्युमिनादो, माझा शाळेपासूनचा दोस्त. मासेमारी करतो, गेली तीस वर्षं माझ्याच खुर्चीत बसतो. कोड मागत होता, पण बिचकत होता. म्हणाला, पोली, तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस, म्हणून विचारतो, यात खरंच मिळतं का? मी म्हणालो, अरे, हायवेवर जाऊन बघ.
म्हणजे खोटं बोललो नाही. बोर्ड तिथे आहेच.

१९ एप्रिल, शनिवार
ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह, दुकान बंद. किनाऱ्यावर फिरायला गेलो. लुमिंग होडी वल्हवत येताना दिसला. मी गंमतीने विचारलं, काय रे, या वयात व्यायाम? तो म्हणाला, इंजिन विकलं. ॲपवर गेलं.
मी त्याला समजावलं, चढउतार असतातच, धीर हवा, आम्हा विजेत्यांचा एक स्वभाव असतो. तो जाळं झटकत ऐकत होता. मग जाळं खांद्यावर टाकून निघून गेला. निरोप घेतला नाही. दमला असेल.

२ मे, शुक्रवार
लुमिंगचे केस कापलेले दिसले. बस टर्मिनलजवळच्या त्या नव्या सलूनमध्ये गेला असणार. कानामागे चक्क पायऱ्या पाडल्यात. तिथे कंगवेसुद्धा धूत नाहीत. मला वाईट वाटलं ते फक्त त्याच्या डोक्यासाठी.
आज चारच गिऱ्हाइकं. मोठ्या पदाचा असाच परिणाम होतो, सामान्य माणूस जवळ यायला घाबरतो. माझा कोड घेतलेल्या विटोयची आई मात्र घाबरली नाही. समोरून जाताना, तुझ्यामुळे माझ्या मुलाने मोबाइलच विकला, असं मोठ्याने सांगून गेली. मी म्हणालो, म्हणजे आता तरी तो खेळायचा नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

८ मे, गुरुवार
मोठी बातमी. सान इसिद्रो संताच्या जत्रेला, फिएस्ताला, गावच्या प्लाझावर कंपनीचा स्टेज. मी सगळ्या गावासमोर लाइव्ह खेळून दाखवायचं. मिस क्रिस्टेल स्वतः येणार. मी त्यांना सहज विचारलं की त्या दिवशी रेडे ओळीत येण्याची काही व्यवस्था असते का. त्या नुसत्या हसल्या. व्यवस्था असणार.
हर्मिनियाने माझ्या आयडीची झेरॉक्स मागितली आणि दोन फोटो. जूनमध्ये वाढदिवस आहे माझा. ती काहीतरी सरप्राइज ठरवतेय. मी काही विचारलं नाही, मजा जाईल.

१५ मे, गुरुवार. फिएस्ता
सकाळी खऱ्या रेड्यांची मिरवणूक. शिंगांना फुलं, पाठीवर पोरं. दुपारी आमचा स्टेज. नवा बारोंग सदरा घातला होता, उसना. समोर दोनअडीचशे माणसं, त्यांत लुमिंग, लेचोनच्या, भाजलेल्या डुकराच्या, टेबलाजवळ हर्मिनिया.
मिस क्रिस्टेलनी माझा मोबाइल मागच्या मोठ्या पडद्याला जोडला. मी हात वर करून पासवर्ड टाकला. रेडा नाचला. मग पडदा पांढरा झाला आणि अक्षरं आली. मला वाटलं, स्वागताचा मजकूर. मी माइकवर वाचायला सुरुवात केली.
कुटुंबीयांच्या अर्जावरून या व्यक्तीस खेळण्यास मनाई करण्यात आली आहे. जुगार आवरत नसल्यास मदतीसाठी पुढील क्रमांकावर फोन करा.
क्रमांकसुद्धा अर्धा वाचला. मग थांबलो.
पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मग, त्याहून वाईट, सगळे गप्प झाले. मिस क्रिस्टेल नेटवर्क, नेटवर्क म्हणत वायर उपसू लागल्या. वायर निघाली तरी अक्षरं थोडा वेळ माझ्या डोळ्यांसमोर तशीच.
हर्मिनिया तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली नाही.
घरी आल्यावर मी म्हणालो, "मला एका शब्दाने विचारलं नाहीस."
ती म्हणाली, "तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."
मग तिने फिएस्ताच्या शेवया, पान्सित, वाढलं. दोघांनी खाल्लं.

१६ मे, शुक्रवार
मिस क्रिस्टेलचा मेसेज. सहकार्याबद्दल आभार, कंपनी नव्या चेहऱ्याच्या शोधात आहे. म्हणजे मानाने निवृत्ती. दुपारपर्यंत बोर्डावर दुसरं तोंड चढलं, बाकोलोदची एक धुणंवाली. पुठ्ठ्याचा चेक तोच दिसतोय. हसते बरी. तिला पत्र लिहून चार अनुभवाच्या गोष्टी कळवाव्यात असं मनात आलं.
लिहायला बसलो. 'प्रिय भगिनी' च्या पुढे काही सुचलं नाही.

१८ मे, रविवार
मास सुटल्यावर लुमिंग आला. सरळ खुर्चीत बसला. मी कापड बांधलं. त्या नव्या सलूनवाल्याने पाडलेल्या पायऱ्या नीट करायलाच बराच वेळ गेला. आरशातून तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या मानेकडे.
"तू जिंकला होतास ते तरी खरं होतं ना?" त्याने विचारलं.
"खरं होतं. आईची शपथ."
"मग किती दिवस राहिले तुझ्याकडे?"
हर्मिनियालाही मी हे सांगितलेलं नाही. या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही, आणि ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.
"नऊ," मी म्हणालो.
"मी कोड घेतला तेव्हा?"
"तेव्हा काहीच नव्हतं, लुमिंग."
मी हातात कात्री धरून उभा. मला वाटलं, आता उठेल, कापड फेकेल, निदान शिवी तरी देईल. मी तयार होतो.
तो म्हणाला, "डाव्या बाजूला जास्त राहिलेत."
खरंच राहिले होते. काढले.