पुलाचं खातं

राताटार, कार्तिक, वि. सं. २०५२

चि. हर्कराज यास दीदीचे अनेक आशीर्वाद.

तू मंत्री झाल्याचं रेडिओनं सांगितलं आणि गावानं तुझ्या दाजींना खांद्यावर घेतलं. तू इथे नव्हतास, मग कुणाला तरी घ्यायलाच हवं! नाचणीची जाँड एका संध्याकाळीत पिऊन संपली. आता पूल होणार म्हणून बायका नाचल्या. श्रावणात तुईनच्या दोराला लटकून नदी ओलांडताना दाजींची दोन बोटं कप्पीत गेली, ती काही परत येत नाहीत. पण म्हणतात, मेहुणा मंत्री झालाय, उरलेली आठ तरी वाचतील.

भात वेळेवर खा. माया आहे तशीच ठेव.
तुझी, जसमाया दीदी

काठमांडू, मंसिर २०५२

ती. दीदीस शि. सा. न. वि. वि.

दीदी, हसू नकोस, मला वनखातं मिळालंय. पूल दुसऱ्या मंत्र्यांकडे. त्यांच्याकडे पाच वेळा गेलो. दर वेळी म्हणतात, तुमचं काम म्हणजे माझं काम, चहा घ्या. चहा पिऊन पिऊन पित्त झालंय. पण पूल आणल्याशिवाय राहत नाही.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा, हर्के

राताटार, माघ २०५२

चि. हर्के, आशीर्वाद.

पत्र चौतारीच्या पारावर वाचून दाखवलं. मुखिया म्हणाले, वनमंत्री आहे ना, मग एक लांबसं झाड नदीवर आडवं पाडायला सांग! सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन भांडी आपटली. मतं मागायला दारोदार मीच हिंडले होते रे.

पित्तावर चिमूटभर ज्वानो, ओवा रे, चावून खा. आठवण असू दे.
दीदी

काठमांडू, फागुन २०५३

ती. दीदीस शि. सा. न. वि. वि.

आता पुलांचं खातं माझ्याकडेच! राताटारचा पूल मंजूर करून घेतला. गावाला सांग. मुखियांना तर मोठ्यानं सांग.

तुझा, हर्के

राताटार, भदौ २०५४

चि. हर्के, आशीर्वाद.

चैतात माणसं आली, काठावर लाल खुंट्या ठोकून गेली. परवा तीच माणसं खुंट्या उपटायला आली. इंजिनियर म्हणाला, पूल दुसऱ्या जिल्ह्यात गेला, हुकमावर मंत्र्यांचीच सही आहे. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, माझ्या भावाचं नाव घेऊन खोटं बोलतोस?

खोटंच आहे ना, भाई?
दीदी

काठमांडू, असोज २०५४

ती. दीदीस,

खरं आहे.

सरकार टिकवायला एका पक्षाची मतं हवी होती. त्यांच्या नेत्यानं तो पूल मागितला. प्रधानमंत्री म्हणाले, सही करा, नाहीतर खातं सोडा. वाटलं, खातं राहिलं तर पुढच्या वर्षी दुसरा पूल आणता येईल. सही केली. पंधरवड्यात सरकार पडलंच. पूलही गेला, खातंही गेलं. दारातली गाडी गेली तसे भेटायला येणारेही गेले.

भाऊबिजेला, भाईटीका लावून घ्यायला येऊ का? निवडणूकही जवळ आलीय, गावाशी बोलायचं आहे. नको म्हणालीस तर समजून घेईन.
हर्के

राताटार, कार्तिक २०५४

चि. हर्कराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस पदरात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दाजींना वाचून दाखवलं. ते उठून तुईनच्या कप्पीला तेल घालायला गेले. त्यांनी तुला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरं म्हणतात, आला तर जोड्यांची माळ घालू. मी ठणकावलं, त्याला माळ मखमली फुलांचीच पडेल, आणि ती मी घालीन. भाऊ आहेस. ये. टीका लावीन, सेलरोटी तळीन, पोटभर जेव. पण मत मागू नकोस, आणि माझ्यासोबत कुणाच्या दारी जाऊ म्हणू नकोस. तू काठमांडूला असतोस. पाणवठ्यावर या बायकांना रोज मला तोंड दाखवायचं असतं.

झेंडे आणि कार्यकर्ते पलीकडच्या काठावरच ठेव. तुईनवर एका वेळी एकच माणूस मावतो.

वाट पाहते.
तुझी दीदी