पिवळ्या ओढणीतलं तोंड

२ फेब्रुवारी, सोमवार

कुरुंद्याहून हिंगोलीला येऊन पडले एकदाची. नात प्रतिक्षा इथं दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला लागली. जवान पोरीनं एकटं राहू न्हाई, असं तिच्या बापाचं, म्हंजी माझ्या लेकाचं म्हणणं. मग राखणीला कोण? तर मी. दात चार, गुडघे उसने. चोर आला तर त्यालाच मला हात धरून उठवावं लागंल.

खोली बरी हाय. मोरी आत, खिडकी रस्त्यावर. खाली घरमालकीण संगिता शिलाई मशीन चालवती. भिंतीवर बाबासाहेब लावले, कोपऱ्यात घरच्या हळदीची पिशवी ठेवली. झालं माझं घर.

जीपच्या अड्ड्यावर स्वप्निल भेटला. सेनगावचा, मागच्या महिन्यात प्रतिक्षाला पाहून गेला तो. लग्नानंतर नोकरी सोड म्हणला, पोरीनं त्यालाच सोडलं. तरी राग न्हाई बिचाऱ्याला. ट्रंक उचलली, पाया पडला, माझा फोन घेऊन त्याचा नंबर टाकून दिला, आजी, काही तकलीफ झाली तर सांगा म्हणून. गोड पोरगं. जरा जास्तच गोड. चहा असता तर मी ओतून दिला असता.

मला अक्षर येत न्हाई. प्रतिक्षानं युक्ती काढली. फोनात तिचा फोटो हाय, पिवळ्या ओढणीतला. त्या तोंडावर बोट ठेवायचं, माईक दाबून धरायचा अन् दिवसभराचं बोलायचं. ती रिकाम्या वेळी ऐकून वहीत उतरवती. म्हणं, आजी, ही तुझी रोजनिशी. बापजन्मात माझं कोणी इतकं ऐकलं न्हाई. नवरा तर कान शाबूत असून बहिरा होता.

५ फेब्रुवारी

खिडकीत बसून साऱ्या गल्लीची हजेरी घेते. समोरचा मास्तर रोज मिशीला कलप लावतो, डोक्याला विसरतो. हे मी काल फोनात बोलले, तर पोरगी दवाखान्यात खदाखदा हसली म्हणं. रात्री जेवताना मास्तराची नक्कल करून दाखवली तिनं. हसताना अगदी माझ्या वाणाची दिसती, दात तेवढे जास्त.

९ फेब्रुवारी

आज पिवळी ओढणी आपोआप फोनात सगळ्यात वर येऊन बसली. खाली काही लिहिलेलं. अगं, तुझ्या आजीला वाचता येतं का? बोल की तोंडानं. मी बोट ठेवलं अन् बोलले. तर लाल बदाम आला, फूल आलं. मोठी साहेबीण झाली बाई, आजीला बदामावर भागवती.

बोलले ते असं: दोडक्याची भाजी खारट झाली, निम्मी फेकली. संगिताला सांगू नको, तिनंच दोडकी दिली होती.

१२ फेब्रुवारी

प्रतिक्षा हल्ली माझ्या बोलण्यावर हसत न्हाई. आज आली ती तोंड उतरवून. अनोळखी नंबरावरून तिला विचारलं म्हणं, दोडकी फेकली का? खोलीत आमी दोघीच होतो. संगिताला माहीत न्हाई, कोणाला न्हाई.

तिनं तो नंबर बंद केला. चहा होईस्तोवर दुसऱ्या नंबरावरून मेसेज आला. खिडकीला माझं लुगडं लावलं.

१५ फेब्रुवारी

कोणी तरी तिचं तोंड काढून उघड्या बाईच्या अंगाला चिकटवलं अन् दवाखान्यात सगळ्यांच्या फोनात पाठवलं. तिच्याच नावानं. मोठ्या डॉक्टरीण बाई म्हणल्या, फोटो ठेवतेसच काहून? व्हय, ठेवणारीनं तोंड लपवावं अन् चिकटवणाऱ्यानं मिशीला ताव द्यावा!

पोरगी सारं पुसून टाकायला निघाली होती. संगितानं हात धरला. पुसू नको म्हणली, सगळ्याचे फोटो काढून ठेव, सायबर पोलिसाला दाखवायला तेच लागतं. उद्या दोघी तक्रार द्यायला जातील.

लेकाचा फोन आला. पुढच्या रविवारपर्यंत मिटलं न्हाई तर येऊन घेऊन जातो, नोकरी गेली उडत, म्हणला. मी म्हणलं, चोरी झाली तर तू चोराला सोडून तिजोरीला कुलूप घालतोस व्हय रे? फोन ठेवून दिला त्यानं. पण येईल. हट्ट माझाच उतरलाय त्याच्यात.

१७ फेब्रुवारी

तक्रार दिली. तरी मेसेज येऊन राहिले. घरात कॅमेरा असंल म्हणून बल्ब काढला, पंखा पाहिला, देव्हारा न्हाई म्हणून बरं, न्हाई तर तोही उलटा केला असता. भिंतीची भोकं कणकेनं बुजवली. आता झोप लागंल.

१८ फेब्रुवारी

सकाळीच तिला मेसेज. कणकेला मुंग्या लागतील म्हणं.

पोरीनं भाकरी तशीच ठेवली.

मुंग्या खरंच लागल्या.

१९ फेब्रुवारी

वाट बदलून ती भाजीबाजाराच्या मागून येऊन राहिली. काल मी फोनात बोललेच होते, नवी वाट बरी, गर्दीची हाय म्हणून. आज तिथंच एक जण मोटरसायकलवर. तोंडाला रुमाल. काही बोलला न्हाई, नुसता हात हालवला. पळत आली. एक चप्पल तिथंच—

२० फेब्रुवारी

घरात आता बोलत न्हाई. मीठ पायजे तर हातानं दाखवायचं. भिंतच ऐकती जणू.

फक्त तुझ्यापाशी बोलते, बाई, फोनात, गोधडीत तोंड घालून. उद्या दवाखान्याच्या मागच्या दारानं निघ. तळ्याकडच्या वाटेनं. तिकडं कोणी नसतं, म्हंजी तोबी नसंल—

बदाम आला. लगेच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हे संगिता लिहून राहिली, हातानं. फोनात आता बोलणं न्हाई.

सकाळी निघताना प्रतिक्षानं विचारलं, आजी, रोजनिशी काहून बंद केलीस? कितीक दिवसांत तुझा आवाज आला न्हाई. मी हसले. मग हसू—

मग बदाम कोणाचे?

ती गेल्यावर फोन संगितापुढं धरला. पिवळ्या ओढण्या दोन. एकाखाली एक. तोंड तेच, नावही तेच लिहिलेलं. एकीचा नंबर प्रतिक्षाचा. दुसरीचा—प्रतिक्षाच्या बापाला विचारून ताडून पाहिला—स्वप्निलचा. जीपच्या अड्ड्यावर त्यानं टाकला तो. नाव नातीचं घातलं. मला कुठं वाचता येतं.

दोडकी. कणीक. बाजार. तळं. सगळं मीच—

संगितानं माझं सगळं बोलणं ऐकून उतरून घेतलं. पोलीस म्हणले, काही पुसू नका, नावाला हात लावू नका, आमी निघालो. प्रतिक्षा फोन उचलत न्हाई. दवाखान्यात विचारलं, तर फोनात आजीचा आवाज आला म्हणून आत्ताच मागच्या दारानं निघाली म्हणले. मी तर आज फोनात बोललेच न्हाई. संगिताचा नवरा धर्मसिंग गाडी घेऊन तळ्याकडं गेला.

फोन वाजून राहिला. मशीनवर. पिवळी ओढणी.

संगिते, कोणती? तिलाही कळत न्हाई. नाव एकच, तोंड एकच.

तिची असली अन् मी उचलला न्हाई तर—

उचलला. तू लिही, संगिते, थांबू नको, पोलिसाला लागंल—

म्हातारीचा आवाज. माझाच. गोधडीतला. तळ्याकडच्या वाटेनं, तिकडं कोणी नसतं—पुन्हा—तिकडं कोणी नसतं—

अन् त्याच्या मागं कोणी पळतंय—चपला—प्रतिक्षे, मागं फिर, मी सांगितलेल्या वाटेनं येऊ नको, बाई, तू—