केळीच्या खोडाचा कागद

१२ नोव्हेंबर २०२४

सकाळी पूजा आटोपली आणि मोटरसायकलवर तापीपलीकडे जैनाबादला गेलो. निरंजनभाऊंचा ऋषिकेश माझ्या लेकीसारखाच, तृप्तीसारखाच, घरी शिकतो, ओपन बोर्डातून. वय तिच्याएवढंच, सोळा. बोलताना अडखळतो, शाळेत पोरं हसायची, म्हणून काढला. म्हटलं, रविवारी आमच्याकडे फोपनारला पाठवा, सोबत अभ्यास करतील. तसाच पुढं नेपानगरला गेलो. पेपर मिलमधल्या नितीनभाऊंची भूमिका दम्यामुळं घरी शिकते. तिलाही बोलावलं.

तृप्ती दोन वर्षं घरी आहे. लोक विचारतात, का? मी सांगतो, शाळेचा रस्ता खराब आहे. हल्ली ती माझ्याशीही मोजकंच बोलते. भीती वाटते.

१७ नोव्हेंबर

चुकलो. पोथी ऐकायला बसवतात तसं बसवलं — पोरगा एकीकडे, पोरी एकीकडे, समोर मी. श्लोक म्हटला, पुस्तकं उघडायला लावली. तीन तास कोणी कोणाशी बोललं नाही.

शेजारची मथुराकाकू दारातून म्हणाली, "आपली कोंडली ते कोंडली, आता लोकाची पोरंबी कोंडून राहिला का?"

२४ नोव्हेंबर

मजूर कमी आले, म्हणून तिघांना केळीच्या बागेत नेलं. घड काढला की आम्ही खोड तोडून बांधावर फेकतो. भूमिकानं तुटलेलं खोड सोलून पाहिलं.

"काका, ये फेंकते क्यों हो? यात तर धागा आहे."

तृप्ती म्हणाली, "मग याचा कागद होईल?"

"पप्पांना विचारते," भूमिका म्हणाली.

ऋषिकेश म्हणाला, "क... क... करके देखते." त्याचं बोलणं पुरं होईस्तोवर दोघी थांबल्या. हसल्या नाहीत. मी घड खाली ठेवला आणि नुसता बघत उभा राहिलो.

१ डिसेंबर

नितीनभाऊ स्वतः आले. खोडाचे तुकडे सोड्याच्या पाण्यात शिजवले, कपडे धुवायच्या लाकडी मोगरीनं कुटले. अंगणभर वास. तृप्ती ऋषिकेशला म्हणते, "जोर लगा, जेवला नाहीस का?" किती दिवसांनी तिचा आवाज घरात ऐकला.

८ डिसेंबर

झाला! भूमिकानं जाळीवर लगदा उचलला, पाणी निथळलं, सावलीत वाळवला. तपकिरी, जाडसर, पण कागदच. तीस वर्षं बांधावर कुजू दिलं, त्यात हे होतं. देवापुढं ठेवला आणि हात जोडले. मागायचं काही सुचलं नाही.

१९ डिसेंबर

नितीनभाऊंनी इंदूरच्या एका संस्थेत कागद दाखवला. हातकागद शिकायला तिघांना तीन महिने बोलावलंय, राहायची सोय तिथंच. शाळेचा दाखला नको. ऋषिकेश, भूमिका तयार आहेत.

तृप्तीनं विचारलं, "अप्पा, मी जाऊ?"

म्हटलं, बघू.

२३ डिसेंबर

पुन्हा म्हटलं, बघू. तिनं अंगणातली मोगरी धुऊन ठेवून दिली.

२ जानेवारी २०२५

सकाळी बसस्टँडवर तृप्तीला बाजूला घेतलं. रस्ता कधीच खराब नव्हता. तिची आई, मनीषा, वारल्यावर रिकामं घर मला सोसवेना, म्हणून पोरीला शाळेतून काढून जवळ ठेवली — सांगून टाकलं.

"माहीत होतं, अप्पा," ती म्हणाली.

मग तिघांना इंदूरच्या गाडीत बसवून दिलं.